दीर्घिकांचा इतिहास आणि उत्पत्तीचा प्रश्न

विश्व अनादि आहे की त्याला आरंभ आहे, हा धर्मचिंतनातला फार जुना वाद. त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो, तो सहसा वेगळा काढला जात नाही: विश्व आज जसे दिसते तसेच ते पूर्वीही होते का? पहिला प्रश्न उत्पत्तीचा, दुसरा परिणामाचा, म्हणजे काळाबरोबर होणाऱ्या बदलाचा. दोन्हींची उत्तरे एकमेकांवर अवलंबून नाहीत. अनादि वस्तू सतत बदलत असू शकते, आणि एका क्षणी उत्पन्न झालेली वस्तू पुढे जशीच्या तशी टिकूही शकते. गेल्या शंभर वर्षांत दीर्घिकांच्या अभ्यासातून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ निर्विवादपणे मिळाले आहे. पहिला प्रश्न होता तिथेच आहे. दुसऱ्याच्या उत्तरातून पहिल्याचे उत्तर काढण्याची घाई धर्माच्या बाजूनेही झाली आणि विज्ञानाच्या बाजूनेही.

भारतीय दर्शनांनी हे दोन प्रश्न बरेच स्पष्ट ओळखले होते. मीमांसकांच्या मते जग कधी वेगळे नव्हतेच. माणसे जन्मतात, मरतात, पण साऱ्या जगाची एकदम उत्पत्ती किंवा एकदम प्रलय होत नाही. सातव्या शतकातील कुमारिल भट्टांनी श्लोकवार्तिकात सृष्टिकर्त्याच्या कल्पनेवर कठोर प्रश्न विचारले आहेत. काहीच नव्हते तेव्हा प्रजापती कुठे होता? त्याला शरीर होते का? करुणेने जग निर्माण केले म्हणावे, तर करुणा करायला आधी कोण होते, आणि मग दुःखाने भरलेले जग का निर्माण झाले? जैन आचार्यांनीही लोक, म्हणजे विश्व, अकृत्रिम मानला. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातील जिनसेनांनी आदिपुराणात सृष्टिकर्त्याच्या मताचे खंडन केले. मात्र जैनांच्या अनादि लोकात काळाचे चढउतार आहेत, चढती उत्सर्पिणी आणि उतरती अवसर्पिणी आहे. सांख्यांनी तर बदल हाच प्रकृतीचा स्वभाव मानला आणि त्यासाठी कर्त्याची गरज मानली नाही. नैयायिकांची वाट वेगळी. घट हे कार्य आहे म्हणून त्याला कुंभार आहे; जग हेही अवयवांनी बनलेले कार्य आहे, तेव्हा त्यालाही बुद्धिमान कर्ता असलाच पाहिजे. उदयनाचार्यांच्या न्यायकुसुमांजलीत या अनुमानाला सर्वांत बळकट रूप मिळाले.

पश्चिमेत अॅरिस्टॉटलने आकाश अविकारी मानले. चंद्राच्या खाली जन्म-मरण, चंद्राच्या वर पाचव्या महाभूताची शाश्वत वर्तुळाकार गती. ख्रिस्ती विचारवंतांना हे अनादित्व बायबलशी जुळवावे लागले. ऑगस्टीनने काळ जगाबरोबरच निर्माण झाला असे मांडले, त्यामुळे 'त्याआधी काय' हा प्रश्नच गळून पडतो. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने अधिक धीट भूमिका घेतली: जगाला आरंभ आहे हे तर्काने सिद्ध करता येत नाही, ते श्रद्धेने स्वीकारायचे, आणि जग अनादि असते तरीही ते ईश्वरावर अवलंबून असल्यामुळे निर्मितच ठरले असते. या भूमिकेचे महत्त्व विसाव्या शतकात लक्षात आले.

आकाशाला इतिहास आहे असे मानायला विज्ञानही सहज तयार झाले नाही. १९१७ मध्ये आइनस्टाइनने मांडलेले विश्वाचे पहिले सापेक्षतावादी प्रारूप स्थिर होते. १९२० च्या दशकात एडविन हबलने देवयानी तारकासमूहातील तेजोमेघ आपल्या आकाशगंगेच्या बाहेरची स्वतंत्र दीर्घिका असल्याचे दाखवले, आणि १९२९ मध्ये दीर्घिका जितकी दूर तितक्या वेगाने ती दुरावते हा नियम मांडला. बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र यांनी १९२७ मध्येच विश्वप्रसरणाचे गणित केले होते आणि १९३१ मध्ये त्यांनी आद्य अणूची, म्हणजे एका अतिघन आरंभातून विश्व विस्तारल्याची, कल्पना पुढे आणली. लमेत्र कॅथलिक धर्मगुरू होते. त्यामुळे अनेकांना या कल्पनेत बायबलचा वास आला.

त्या संशयाच्या वातावरणातच १९४८ मध्ये केंब्रिजला स्थिर स्थिती सिद्धांत जन्माला आला. हर्मन बाँडी, थॉमस गोल्ड आणि फ्रेड हॉइल यांचे म्हणणे असे की विश्व प्रसरण पावत असले तरी ते सर्व ठिकाणी आणि सर्व काळी सारखेच दिसते. दीर्घिका दूर जातात, मधल्या पोकळीत अत्यल्प प्रमाणात नवे द्रव्य सतत निर्माण होते, त्यातून नव्या दीर्घिका घडतात. एखाद्या गावात माणसे बदलत राहतात पण लहान, तरुण आणि म्हाताऱ्यांचे प्रमाण तेच राहते, तसे. कुमारिलांच्या भूमिकेशी याचे नाते जवळचे आहे: व्यक्ती नश्वर, व्यवस्था नित्य. आरंभ मानणाऱ्या प्रतिस्पर्धी सिद्धांतासाठी 'महास्फोट' या अर्थाचा 'बिग बँग' हा शब्द हॉइल यांनीच १९४९ मध्ये बीबीसीच्या रेडिओ भाषणात प्रथम वापरला.

२२ नोव्हेंबर १९५१ रोजी पोप पायस बारावे यांनी पाँटिफिकल अकॅडमी ऑफ सायन्सेसपुढे भाषण केले आणि नव्या विश्वविज्ञानात निर्मितीच्या धर्मवचनाला पुष्टी मिळत असल्याचे सूचित केले. लमेत्र यांना हे रुचले नाही. त्यांच्या दृष्टीने आद्य अणू हे भौतिकीचे गृहीतक होते. ते चुकीचे ठरू शकत होते, आणि चुकीचे ठरू शकणाऱ्या गोष्टीवर श्रद्धेचा पाया रचणे धोक्याचे होते. हॉइल यांची चूक पोप यांच्या चुकीच्या नेमकी उलट. आरंभ नाकारला की निर्मात्याचीही गरज संपते असे त्यांनी धरले. अक्वायनसची भूमिका लक्षात घेतली असती तर पोप आणि हॉइल दोघांनाही थांबावे लागले असते.

वादाचा निकाल लागला तो मात्र तत्त्वज्ञानाने नव्हे. प्रकाशाला प्रवासाला वेळ लागतो, म्हणून दूरची दीर्घिका म्हणजे पूर्वीची दीर्घिका. विश्व सर्वकाळ सारखे असेल तर दूरचे आणि जवळचे आकाश सारखेच दिसायला हवे. ही कसोटी स्थिर स्थिती सिद्धांताने स्वतःहून पत्करली होती आणि हेच त्याचे मोठेपण. १९५० आणि १९६० च्या दशकांत मार्टिन राइल यांच्या केंब्रिजमधील गटाने रेडिओ स्रोतांची मोजणी केली, तेव्हा मंद, म्हणजे दूरचे स्रोत अपेक्षेपेक्षा जास्त निघाले. सुरुवातीच्या मोजण्यांत चुका होत्या. हॉइल आणि त्यांचे विद्यार्थी जयंत नारळीकर यांनी त्यांना कसून उत्तरे दिली. पण १९६३ मध्ये मार्टेन श्मिट यांनी क्वासार, म्हणजे अतिदूरचा अतितेजस्वी स्रोत, ३सी २७३ चे अंतर ओळखले, आणि पुढे असे क्वासार भूतकाळात फार जास्त होते हे उघड झाले. १९६५ मध्ये पेन्झियस आणि विल्सन यांना सूक्ष्मतरंग पार्श्वभूमीचा, म्हणजे उष्ण आरंभाच्या अवशिष्ट प्रारणाचा, शोध लागला. भारतातही या प्रश्नावर स्वतंत्र काम झाले: १९७० मध्ये उभारलेल्या उटीच्या रेडिओ दुर्बिणीतून गोविंद स्वरूप आणि विजय कपाही यांनी रेडिओ स्रोतांचे कोनीय आकार मोजले, आणि १९७५ मध्ये रेडिओ दीर्घिका काळाबरोबर बदलत आल्या आहेत याचा पुरावा दिला.

कोल्हापुरात जन्मलेल्या नारळीकरांनी महास्फोटाबद्दलचा आपला आक्षेप अखेरपर्यंत सोडला नाही. १९९३ मध्ये हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर त्यांनी अर्धस्थिर स्थितीचे प्रारूप मांडले. दीर्घकालीन प्रसरणावर आकुंचन-प्रसरणाची आवर्तने आणि अनेक छोट्या निर्मितिकेंद्रांतून येणारे द्रव्य अशी त्याची रचना होती. बहुतेक खगोलशास्त्रज्ञांनी ते स्वीकारले नाही. तरी या प्रारूपातून एक गोष्ट स्पष्ट होते: अनादित्व मानणाऱ्यालाही आता बदल मानावा लागत होता. वाद परिणामावरचा उरला नव्हता, फक्त उत्पत्तीवरचा उरला होता.

बदल मानणे आणि बदलाचा हिशोब करणे यांत मोठे अंतर होते. ते तोडण्याचे पहिले श्रेय बिआट्रिस टिन्स्ली यांना द्यावे लागते. न्यूझीलंडमध्ये वाढलेल्या टिन्स्ली यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस टेक्सास विद्यापीठातील प्रबंधात दाखवले की दीर्घिकेतले तारे म्हातारे होतात, मरतात, नवे जन्मतात, आणि त्यामुळे दीर्घिकेचा रंग व तेज कोट्यवधी वर्षांत लक्षणीय बदलते. त्याआधी विश्वाचा आकार मोजणारे लोक मोठ्या दीर्घिकांना ठरावीक तेजाचे दिवे समजून चालत होते. टिन्स्ली यांचे आयुष्य १९८१ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी संपले; पण त्यानंतरचा दीर्घिकांचा प्रत्येक इतिहास त्यांच्याच पद्धतीवर उभा आहे.

डिसेंबर १९९५ मध्ये हबल दुर्बिणीने सप्तर्षींच्या तारकासमूहातील एका छोट्या, रिकाम्या वाटणाऱ्या तुकड्याकडे दहा दिवस टक लावून पाहिले. त्या चित्रात सुमारे तीन हजार दीर्घिका दिसल्या. १९९६ मध्ये सायमन लिली आणि पिएरो मडाऊ यांच्या गटांनी अशा निरीक्षणांवरून विश्वातील तारानिर्मितीचा वेग काळानुसार मांडायला सुरुवात केली. पुढच्या दोन दशकांत धुळीआड लपलेला प्रकाश अवरक्त दुर्बिणींनी टिपला, चुका दुरुस्त झाल्या, आणि २०१४ पर्यंत एक ठाम आलेख हाती आला.

त्या आलेखाची गोष्ट अशी. विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे. पहिली काही कोटी वर्षे अंधाराची. हायड्रोजन आणि हेलियम यांच्याखेरीज जवळजवळ काहीच नव्हते. मग कृष्णद्रव्याच्या, म्हणजे न दिसणाऱ्या पण गुरुत्वाकर्षण असलेल्या द्रव्याच्या, गाठींत वायू गोळा होऊन पहिले तारे पेटले. तारानिर्मिती हळूहळू वाढत गेली आणि महास्फोटानंतर सुमारे ३५० कोटी वर्षांनी, म्हणजे आजपासून हजार कोटी वर्षांपूर्वी, शिखरावर पोचली. तेव्हाचा वेग आजच्या सुमारे नऊ-दहा पट होता. तेव्हापासून उतार सुरू आहे. आज अस्तित्वात असलेल्या ताऱ्यांच्या वस्तुमानापैकी सुमारे एक चतुर्थांश शिखराच्या आधी घडले. विश्वाच्या आयुष्याच्या गेल्या निम्म्या काळात मिळूनही तेवढेच, एक चतुर्थांश, घडले. सूर्य ४६० कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे उताराच्या काळातला. आपल्या आकाशगंगेत आज वर्षाला सूर्याच्या एक-दोन पट वस्तुमानाचे तारे जन्मतात, एवढेच.

हा उतार का लागला, याचे उत्तर शोधण्यात महाराष्ट्राच्या मातीचा वाटा आहे. तारे वायूपासून बनतात, आणि भूतकाळातील दीर्घिकांत किती अणुरूप हायड्रोजन होता हे कित्येक वर्षे कुणाला मोजता येत नव्हते, कारण त्याचा रेडिओ संकेत अतिशय क्षीण असतो. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे तीस महाकाय अँटेनांची जीएमआरटी दुर्बीण आहे. तिच्या सुधारित रूपाच्या साह्याने पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील (एनसीआरए) आणि बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी साडेसात हजारांहून अधिक दीर्घिकांचे संकेत एकत्र मिळवून सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांतील हायड्रोजन मोजला. २०२० मध्ये तो निष्कर्ष 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. त्या दीर्घिकांत तारे घडण्याचा वेग असा होता की त्यांच्याजवळचा हायड्रोजन शंभर-दोनशे कोटी वर्षांतच संपला असता. बाहेरून नवा वायू येत राहिला तरच तो वेग टिकला असता. तसा पुरेसा वायू आला नाही, म्हणून विश्वाचा हात आखडला. मुबलक वायूचा काळ सरला आणि त्याबरोबर ताऱ्यांचा सुगीचा काळही.

वायू तुटल्याची कारणे एकापेक्षा अधिक आहेत. विश्वाचे प्रसरण होत गेले तसे नवा वायू आत ओढला जाण्याचे प्रमाण कमी झाले. लहान दीर्घिकांत मोठ्या ताऱ्यांचे स्फोट वायू उधळून लावतात. प्रचंड दीर्घिकांत केंद्रातील कृष्णविवर, त्यावर पडणाऱ्या द्रव्यातून, एवढी ऊर्जा बाहेर फेकते की भोवतालचा वायू थंड होऊन ताऱ्यांत रूपांतरित होऊ शकत नाही. म्हणूनच सर्वांत मोठ्या लंबवर्तुळाकार दीर्घिका आज तांबूस आणि जवळजवळ वांझ आहेत, तर छोट्या निळसर दीर्घिका अजून तारे घडवत आहेत. विश्वातील साध्या द्रव्यापैकी दहा टक्क्यांहूनही कमी द्रव्य आजवर ताऱ्यांत गेले आहे. बाकीचे दीर्घिकांच्या आत आणि त्यांच्या मधल्या अवकाशात विरळ वायूच्या रूपात पसरलेले आहे.

आता दर्शनांकडे परत येता येते. नैयायिकांच्या अनुमानाचे दोन टप्पे होते: जग कार्य आहे, आणि कार्याला बुद्धिमान कर्ता असतो. पहिला टप्पा कुमारिलांना मान्य नव्हता. दीर्घिकांच्या इतिहासाने या टप्प्यापुरते नैयायिकांना बळ दिले आहे. सूर्य, आकाशगंगा, श्वासातला ऑक्सिजन, रक्तातले लोह, ही सारी कार्ये आहेत; त्यांना वय आहे, त्यांच्या आधीची अवस्था ठाऊक आहे. हॉइल यांनीच, बर्बिज दांपत्य आणि विल्यम फाउलर यांच्याबरोबर, १९५७ मध्ये जड मूलद्रव्ये ताऱ्यांच्या पोटात कशी शिजतात हे दाखवले. २०२४ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने महास्फोटानंतर केवळ २९ कोटी वर्षांनीची जेड्स-जीएस-झेड१४-० ही दीर्घिका ओळखली आणि पुढच्याच वर्षी तिच्यात ऑक्सिजन सापडला. म्हणजे तेवढ्या कोवळ्या वयातही ताऱ्यांची एक पिढी जगून, मरून गेली होती. जग कधी वेगळे नव्हतेच, हे म्हणणे आता टिकत नाही.

दुसऱ्या टप्प्याचे काय? येथे धर्मकीर्तीचा आक्षेप आठवतो. सातव्या शतकातील हा बौद्ध तार्किक विचारतो: घट मातीचा आणि वारूळही मातीचे, तेवढ्यावरून वारूळ कुंभाराने केले असे म्हणायचे का? कार्यत्व सामान्य असले तरी कर्ता त्याच जातीचा असेल असे नाही. दीर्घिका वारुळाच्या जवळची आहे, घटाच्या नव्हे. वायू थंड होतो, गुरुत्वाकर्षण त्याला एकवटते, तारा पेटतो, स्फोट होतो, पुढची पिढी त्या राखेतून घडते. प्रत्येक पायरीचे कारण आधीच्या पायरीत सापडते. यामुळे कर्ता नाही असे सिद्ध होत नाही. पण दीर्घिका पाहून थेट कर्त्यापर्यंत उडी मारता येत नाही, एवढे नक्की. नैयायिकाला आता आपले अनुमान एक पायरी मागे न्यावे लागते: हे नियम असेच का आहेत?

हा प्रश्न खुद्द हॉइल यांनाही छळत राहिला. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी असे भाकीत केले की कार्बनच्या अणुकेंद्राला एक विशिष्ट ऊर्जापातळी असलीच पाहिजे, नाहीतर ताऱ्यांत पुरेसा कार्बन बनणार नाही. प्रयोगाने ती पातळी सापडली. आरंभाची कल्पना नाकारणारा हा माणूस पुढे विश्वामागे बुद्धी असावी असे लिहू लागला. त्याचा तर्क मान्य होवो न होवो, एक गोष्ट महत्त्वाची आहे: त्याला बुद्धीचा भास महास्फोटाच्या क्षणात झाला नव्हता, ताऱ्याच्या रोजच्या कामात झाला होता.

निर्मितीला एका क्षणाची घटना न मानणारे विचार दोन्ही परंपरांत आहेत, आणि या प्रश्नावर तेच अधिक समर्थ ठरतात. अक्वायनसच्या मते निर्मिती म्हणजे अवलंबित्व. ते पहिल्या क्षणी जितके खरे तितकेच आत्ताही. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात सृष्टीला प्रयोजनरहित लीला म्हटले. ज्ञानेश्वरांच्या अनुभवामृतातला चिद्विलास आणखी पुढे जातो: जग हे चैतन्याचे स्वतःचेच उमलणे आहे, म्हणून ते 'केव्हा' घडले असा प्रश्न त्याला लागतच नाही. तारानिर्मितीचा आलेख अशा भूमिकांना सिद्ध करत नाही आणि खोडूनही काढत नाही. त्याने त्यांना पुष्टी मिळाली असे म्हणणारे पुन्हा पोप पायस यांचीच चूक करतात. ब्रह्मदेवाच्या दिवसाचे ४३२ कोटी वर्षांचे मान आधुनिक आकड्यांशी जुळवून पाहण्याचा मोह याच जातीचा. दीर्घ काळाची कल्पना करण्याचे पुराणकारांचे धैर्य खरोखर थोर आहे, पण त्या आकड्याचा उगम युगांच्या गणितात आहे, आकाशाच्या मोजणीत नाही.

तरीही हा इतिहास धर्मचिंतनापुढे काही नवे ठेवतो. पुराणांनी प्रलयाचे चार प्रकार सांगितले. त्यांपैकी नित्य प्रलय म्हणजे प्रतिक्षणी चाललेला नाश. सृष्टी, स्थिती आणि लय हे तीन वेगळे काळ मानण्याची सवय त्याने मोडते. दीर्घिकांत हे तिन्ही एकाच वेळी, एकाच यंत्रणेने चालतात. ज्या स्फोटात तारा मरतो त्याच स्फोटातून पुढच्या ताऱ्यांसाठी धातू पसरतात, आणि त्याच स्फोटाने वायू तापून त्या ताऱ्यांचा जन्म लांबणीवरही पडतो. हा लांबणीवर पडण्याचा भाग फार मोलाचा आहे. तारानिर्मिती अत्यंत संथ, अडखळत चालणारी क्रिया आहे. तिला अडथळा नसता तर सारा वायू सुरुवातीच्या काळातच ताऱ्यांत गेला असता; जड मूलद्रव्यांनी समृद्ध झालेल्या वायूतून सूर्यासारखे उशिराचे तारे आणि खडकाळ ग्रह घडायला फारसे काही उरलेच नसते. कुमारिलांनी विचारलेला प्रश्न, करुणेने निर्मिलेल्या जगात दुःख का, याला हे उत्तर पुरत नाही. एका प्राण्याच्या वेदनेलाही ते पुरत नाही. पण नाश हा निर्मितीवर बाहेरून आलेला घाला आहे, ही समजूत मात्र यापुढे टिकवणे कठीण आहे.

प्रयोजनाचा प्रश्न याहून अवघड. विश्व माणसासाठी घडले असे मानणाऱ्याला उत्तर द्यावे लागते की माणूस सुगीच्या काळात न येता उताराच्या काळात का आला. त्याचे भौतिक उत्तर आहे: खडकाळ ग्रहाला आधीच्या पिढ्यांची राख लागते, आणि उत्क्रांतीला कोट्यवधी वर्षांची शांतता लागते. शिखराच्या काळातल्या धगधगत्या दीर्घिका त्या दृष्टीने बऱ्याच प्रतिकूल होत्या. हे उत्तर माणूस कधी येऊ शकला एवढेच सांगते. तो येण्यासाठी हे सारे घडले असे त्यातून निघत नाही. स्टीव्हन वाइनबर्ग यांनी १९७७ मध्ये विश्व जितके समजत जाते तितके ते निरर्थक वाटते अशा आशयाचे मत मांडले आणि ते गाजले. पण निरर्थकताही त्या आलेखात लिहिलेली नाही. सांख्यांनी प्रकृती पुरुषासाठी, म्हणजे चैतन्यासाठी, प्रवृत्त होते असे म्हटले तेव्हा त्यांना प्रयोजन प्रकृतीच्या निरीक्षणातून सापडले नव्हते. मुक्तीच्या प्रश्नातून सापडले होते. प्रयोजनाचा शोध तिथूनच सुरू होतो, आणि आलेखाकडे पाहून तो सुरूही करता येत नाही, बंदही करता येत नाही.

उरतो तो अंताचा प्रश्न, आणि येथे विज्ञान व पुराणे यांच्यातले अंतर सर्वांत जास्त आहे. २०१२ मधील एका अभ्यासाने असा अंदाज केला की उतार असाच राहिला तर विश्वातील ताऱ्यांचे एकूण वस्तुमान यापुढे फक्त सुमारे पाच टक्क्यांनी वाढेल. म्हणजे जन्मायचे ते बहुतेक तारे जन्मून गेले आहेत. सूर्य आणखी सुमारे ५०० कोटी वर्षे तळपेल. लहान तांबडे तारे मात्र काटकसरीने जळतात. त्यांतल्या काहींचे आयुष्य लाखो कोटी वर्षांचे आहे. फ्रेड अॅडम्स आणि ग्रेगरी लाफलिन यांनी १९९७ मध्ये केलेल्या हिशोबानुसार एकावर चौदा शून्ये एवढ्या वर्षांच्या सुमारास नेहमीची तारानिर्मिती थांबेल, आणि दीर्घिकांत थंड श्वेतबटू, न्यूट्रॉन तारे, कृष्णविवरे आणि पेटू न शकलेले तपकिरी बटू उरतील. क्वचित दोन तपकिरी बटू आदळून एखादा नवा तारा पेटेल. पुराणांतील प्राकृतिक प्रलयानंतर पुन्हा सर्ग, म्हणजे नवी सृष्टी, येतो. जैनांच्या अवसर्पिणीनंतर उत्सर्पिणी येते. सध्याच्या निरीक्षणांत अशा परतीची खूण नाही. विश्वाचे प्रसरण थांबण्याऐवजी वेग घेत असल्याचे १९९८ पासून दिसते आहे. नारळीकरांच्या प्रारूपात आवर्तनाला जागा होती, आणि काही सैद्धांतिक प्रारूपांत आजही ती शोधली जाते, पण निरीक्षणाने त्यांना अजून आधार दिलेला नाही. पुनरावर्तनावर उभ्या असलेल्या धर्मदृष्टीला ते आवर्तन ताऱ्यांच्या जगात सापडत नाही. जीवाच्या आणि कर्माच्या पातळीवर ते मानायचे की सृष्टीच्या पातळीवर, हे तिला नव्याने ठरवावे लागते.